आयशाबींच्या देगचीची कल्हई

“ही भाजी हाय का सुतळी?” दातांत अडकलेला शेंगेचा दोरा ओढत रहेमान बायकोच्या कानाशी कुरकुरला.

“हळू बोला,” गौहर म्हणाली. “अम्मी आयकतीन.”

चुलीपुढे बसलेल्या अम्मींनी, म्हणजे आयशाबींनी, ते ऐकलं की नाही कोण जाणे. मी मात्र ऐकलं. दस्तरखानावर नवराबायकोच्या मधोमध, शेंगांच्या वाफेनं घामेजून मीच तर बसले होते.

मित्रांनो, तांब्याची म्हातारी देगची बोलते आहे. माझ्या बुडाला भोक आहे. हल्ली माझा मुक्काम कोंबड्यांच्या खुराड्यावर, आणि कोंबड्यांना पाणी पाजायच्यासुद्धा मी कामाची नाही. पण असं नेहमीच नव्हतं.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या छप्पन साली मी कळंबच्या या घरात आले. तांबटानं मला ठोकठोक ठोकलं होतं. ते दुखणं मी विसरले ते गुलाम नबींच्या हातात पडल्यावर. गुलाम नबी म्हणजे आयशाबींचे मालक. गावभरच्या भांड्यांना कल्हई करणारा माणूस. त्यांनी भट्टी पेटवली, भाता मारला, माझ्या तापल्या पोटात नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी टेकवून त्यांनी कापसाचा बोळा असा काही फिरवला, की माझं पोट आरशासारखं झालं. आयशाबींनी मला तोंडासमोर धरलं आणि माझ्यात पाहून डोळ्यांत सुरमा घातला. काय ते डोळे होते!

हिवाळा आला की परसातल्या कुंपणावर वालाच्या शेंगा लटकायच्या. आयशाबी कोवळ्या पाहून तोडायच्या. दोन्ही शिवणींचे दोरे ओढायचे, शेंग उकलायची, उजेडाकडे धरून आत अळी तर नाही ना पाहायचं, आणि मग हातानंच मोडायची. विळी त्या लावू देत नसत. माझ्यात तेल, लसूण, लाल मिरची. वरून शेंगा. पाणी आत नाही, झाकणावर. मीठ शेंगा खाली बसल्यावर. कुंपणापलीकडच्या रजनीबाई, कचेरीतल्या कारकुनाची बायको, हाक मारायच्या, “आयशाबी, झाकण जरा घट्ट लावा हो! आमच्या वरणाला आज कुणी विचारणार नाही.”

आयशाबी हसायच्या. मीही हसायचे, पण आमचं हसणं वाफेत जातं.

पुढे घरोघरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही. गुलाम नबींची भट्टी थंड पडू लागली. त्याच सुमारास एका दुपारी आयशाबी म्हणाल्या, “रहेमानचे अब्बा, हिची कल्हई उडाली जी. पोटात अंधार दिसून राह्यला.”

गुलाम नबींनी मला अंगणात नेलं. कल्हई चोख होती. त्यांच्या दाढीचे पांढरे केस माझ्यात मोजून घ्यावेत इतकी चोख. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आयशाबींकडे. त्या उंबऱ्यात उभ्या राहून दाराची चौकट हातानं चाचपत होत्या.

“हो,” ते म्हणाले, “उडाली खरी. करून देतो.”

माझ्या तोंडावर खोटं बोलले! आणि मला वाळूनं घासायला बसले.

थोडे दिवस गेले की पुन्हा तेच. “अंधारच हाय.” पुन्हा वाळू, पुन्हा भट्टी, पुन्हा कथील. दर घासणीत मी झिजत होते. बोल मला लागत होता, आणि सांगणार कुणाला?

इकडे सासू नमाजाला बसली की गौहर चोरून शेंगा पुन्हा निवडायची. तरी दोरे राहायचे. एकदा तर गुलाम नबींच्या ताटात अळी निघाली. त्यांनी ती भाकरीच्या तुकड्यात दडवली, ताटाच्या कडेखाली सारली आणि म्हणाले, “आज शेंगा लय मस्त झाल्या.” आयशाबींचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मी तडकते आता.

मग यवतमाळला डोळ्यांचे मोठे डॉक्टर आले. रजनीबाईंनी कुंपणाशी येऊन गौहरला बजावलं, “काळा मोतिया असला तर गेलेली नजर परत येत नाही ग. उरलेली तेवढी राखता येते. घेऊन जा त्यांना, थांबू नका.”

गौहर सासऱ्यांकडे गेली. “अब्बा, तुमीच सांगा अम्मीले. मी सांगतलं त म्हणतीन, चूल हिसकायले निघाली.”

“सांगतो. उद्या सांगतो.”

रहेमान म्हणाला, “अब्बा सांगतीन.”

आणि अब्बा उद्या सांगणार होते. डॉक्टर आपला मुक्काम आटोपून निघून गेले. त्या घरात वाईट माणूस एकही नव्हता, मित्रांनो. असता, तर फटकन बोलून गेला असता आणि बिचारीचे डोळे थोडेतरी उरले असते.

भांडी नीट घासा, वेळच्या वेळी कल्हई करा, असं देगचीनं सांगावं अशी रीत आहे. तेही करा. पण घरातलं कुणी चौकट चाचपू लागलं, तर भांड्याला बोल लावू नका. मला हात नाहीत. असते तर जोडले असते.

त्या वर्षीच्या शेवटच्या शेंगा तोडल्या, त्या सकाळची गोष्ट. आयशाबी माझ्यावर ओणवल्या आणि म्हणाल्या, “अजून काळीच.” गुलाम नबी उठले. त्यांनी मला घासलं, फार घासलं. उरलंसुरलं सगळं कथील माझ्या पोटात फिरवलं आणि मला उन्हात वर धरलं. माझ्या बुडातून उन्हाची एक बारीक काडी आरपार गेली. आता घासायला तांबंच उरलं नव्हतं.

माझ्या पोटातला झगझगाट भिंतीवर पडला, तिथून लोकांच्या तोंडावर. गौहरनं डोळ्यांवर पदर घेतला. रहेमाननं मान फिरवली. मग तो झगझगाट आयशाबींच्या तोंडावर स्थिरावला. त्या टक्क उघड्या डोळ्यांनी समोर पाहत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत ऊन भरलं होतं, आणि पापणी लवली नाही.

“काहून जी,” त्यांनी विचारलं, “झाली नाई का अजून? आज लय वेळ लावून राह्यले.”

गुलाम नबींनी मला खाली ठेवलं. एरवी ‘रहेमानची अम्मी’ म्हणणाऱ्या त्या माणसानं सुनेसमोर, लेकासमोर बायकोला नावानं हाक मारली.

“आयशा,” ते म्हणाले, “कल्हई कधीच गेली नोहोती. तुह्या डोळ्यांची नजर गेली.”