एमिल लाझारच्या खाचेची साक्ष

मित्रांनो, प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, पुढील ओळींत एका सूडाची साद्यंत हकिकत सांगितली जाणार आहे. सूड हा शब्द मुलांच्या वाचनात येऊ नये, असे काही वडीलधाऱ्यांचे मत असते. त्या मताचा आदर राखूनही मी तो शब्द बदलणार नाही. सत्तर वर्षे मी त्या एकाच शब्दावर जगलो आहे.

मी एक जुना चलचित्र-कॅमेरा आहे. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळेचे कोपरे, समोर एक काचेचा डोळा आणि उजव्या कुशीला फिरवायची मूठ, असे माझे रूप आहे. माझा जन्म १९२१ साली बर्लिन शहरातील एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर माझ्या धन्याचे नाव कोरलेले आहे: एमिल लाझार.

माझे धनी चित्रपटांचे छायाचित्रकार होते. मला घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझे दार उघडले आणि एक बारीक कानस हाती घेतली. माझ्या पोटात एक लहान चौकोनी खिडकी आहे. फिल्म तिच्यासमोरून सरकते आणि त्या खिडकीच्या मापाचेच चित्र तिच्यावर उमटते. धन्यांनी त्या खिडकीच्या डाव्या कडेला तीन फटक्यांत एक तिरपी खाच मारली. मला वेदना झाल्या, परंतु त्या काळची रीतच तशी होती. प्रत्येक छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्यात स्वतःची निराळी खाच मारीत असे. मग त्या कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रत्येक चित्राच्या कडेला एक इवलासा दात उमटे. पडद्यावर तो कधीच दिसत नसे, कारण चित्र दाखवणाऱ्या यंत्राची चौकट कडा झाकून टाकते. फिल्म हातात घेऊन उजेडासमोर धरणाऱ्यालाच तो दिसे. ती धन्यांची न बोलणारी सही होती.

त्या दिवसांत जर्मनीत विलक्षण चित्रपट निघत. भिंती वाकड्या, खिडक्या तिरक्या, आणि सावल्या तर रंगाऱ्याने कापडावर रंगवलेल्या! माझ्या धन्यांना रंगवलेली सावली मान्य नव्हती. ते एकच दिवा जमिनीवर ठेवीत आणि त्याच्याकडून सगळे काम करवून घेत. १९२४ साली त्यांनी ‘आंधळा जिना’ हा चित्रपट माझ्या डोळ्यातून टिपला. त्यात एक माणूस जिन्याच्या पायथ्याशी उभा आहे आणि त्याची सावली मात्र वरच्या दाराची कडी काढते आहे, असे एक दृश्य होते. ते पाहून प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरीत. माझी मूठ सेकंदाला दोन वेळा फिरली पाहिजे, म्हणून धनी एक गाणे गुणगुणत. त्या गाण्याची लय माझ्या दातेरी चाकांना अजून पाठ आहे.

धन्यांच्या हाताखाली ब्रूनो केस्टर नावाचा वीस वर्षांचा सहायक होता. तो माझी तिपाई वाहत असे आणि माझ्या पोटातील धूळ झाडत असे. त्याला एक खोड होती. खिडकीची धूळ तो ब्रशाऐवजी नखाने काढी. मग धनी त्याच्या मनगटावर चापट मारीत आणि ओरडत, “बोट नको, ब्रूनो! ब्रश घे!” मित्रांनो, ही चापट ध्यानात ठेवा. मी ती ऐंशी वर्षे ध्यानात ठेवली.

१९३३ साली जर्मनीत असे राज्य आले की, धनी ज्यू असल्यामुळे त्यांचे नाव चित्रपटांवरून खरवडून काढण्यात आले. धनी मला घेऊन इंग्लंडला निघाले, तेव्हा ब्रूनो स्टेशनवर आला होता. तो रडला. धन्यांचे हात हाती घेऊन म्हणाला, “तुमचं नाव मी सांभाळीन.” गाडी हलली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत ‘आंधळा जिना’च्या आरंभी नवी पाटी लागली: छायाचित्रण, ब्रूनो केस्टर.

माझा सूड त्या दिवशी जन्माला आला.

पुढे आम्ही कॉव्हेंट्रीत स्थायिक झालो. जिन्यावर सावली चढवणारा तो हात कारखान्यात गिअरचे आणि बोल्टचे फोटो काढू लागला. युद्धानंतर ब्रूनोही ब्रिटनमध्ये येऊन राहिला. एडिनबरा येथे त्याची व्याख्याने होऊ लागली आणि त्याला मानाची पदके मिळाली. धन्यांनी त्याला पत्र लिहिले. उत्तर आले ते वर्तमानपत्रातील मुलाखतीतून: “लाझार नावाच्या गृहस्थाने त्या चित्रपटाच्या सेटवर कधी पाऊलही ठेवले नाही. तो आणि त्याचा कॅमेरा तेव्हा दुसऱ्याच गावी होते.” धन्यांनी ते कात्रण घडी करून खिशात ठेवले, मला पेटीत घातले आणि झाकण लावले. त्यानंतर त्यांनी माझी मूठ कधीही फिरवली नाही. १९७१ साली ते वारले. मी त्यांच्या घरमालकिणीच्या माळ्यावर बत्तीस वर्षे अंधारात पडून राहिलो. कोळी माझ्या डोळ्यावर जाळे विणीत होते. मी मात्र ब्रूनोचे ते वाक्य घोकीत होतो, कारण त्यात त्याने एक चूक केली होती. माझ्याविषयी तो जरूरीपेक्षा एक शब्द जास्त बोलला होता.

२००३ साली ते घर रिकामे झाले आणि मी रविवारच्या कार-बूट सेलमध्ये, म्हणजे मोटारींतून आणलेल्या जुन्या सामानाच्या बाजारात, गवतावर पसरलेल्या सतरंजीवर येऊन बसलो. तेथून मला कमलाकर नावाच्या निवृत्त टूलमेकरने, म्हणजे कारखान्याची हत्यारे घडवणाऱ्याने, उचलले. हे गृहस्थ सातवीपर्यंत शिकून सांगलीहून येथे आलेले होते. त्यांची प्रशंसा मी करणार नाही. कारण लवकरच कळेल.

घरी आणून त्यांनी माझे एकेक चाक सोडवले, तेल दिले, पितळ उजळले. मला पुन्हा श्वास घेतल्यासारखे वाटले. मग त्यांनी भिंग लावून माझ्या खिडकीत पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आयुष्यभर केसाच्या जाडीचा दोष शोधून तो घासून सपाट करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला वाकडी कड कशी सहन होणार? त्यांनी हाती कानस घेतली. माझ्या धन्याची सही पुसायला निघालेला तो मनुष्य मनाने अगदी निर्मळ होता. मित्रांनो, त्याहून भयंकर काही नाही.

इतक्यात त्यांच्या पत्नी वीणाबाई तबक घेऊन आल्या.

“अहो, हे काय चाललंय? आज खंडेनवमी आहे.”

“एक खडबडीत कड आहे, तेवढी घासतो. दोन मिनिटांचं काम.”

“तुमची दोन मिनिटं मी चाळीस वर्षं बघतेय. ती कानस इकडे आणा, तिला कुंकू लावायचंय.”

“अगं, डोळ्यांत खुपतंय ते.”

“मग डोळे मिटा. हत्यार एकदा पूजेला बसलं की आज चालवायचं नाही. इतकी वर्षं वाकडी होती ना कड? मग परवा घासा.”

खंडेनवमीला हत्यारे पुजायची आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. कानस गेली पाटावर. तिच्याशेजारी मापाचे व्हर्निअर, ड्रिल आणि शिवणयंत्र मांडले गेले, अंगणातले लॉनमोअरही आले. मलाही त्या पंक्तीत बसवले गेले. कपाळावर कुंकवाचे बोट उमटले. गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू गळ्यात पडला. मी त्या कानशीकडे रात्रभर पाहत होतो आणि ती माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या जेवणाला त्यांची नात तनू आली. ती एडिनबऱ्याला चित्रपटविषयक शिक्षण घेत होती. श्रीखंडाची वाटी हातात घेऊनच ती माझ्यासमोर बसली.

“आजोबा, इथे एक छोटी कट आहे. कोणी ऑन पर्पज केला असेल?”

“मुद्दाम कोण करेल? कुणा गाढवाने स्क्रूड्रायव्हर घातला असेल.”

“पण गाढव इतकी नीट नाय कापत ना, आजोबा.”

वीणाबाई हसल्या. कमलाकर हसले नाहीत. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावले. बराच वेळ गेला.

“तीन फटके,” ते हळूच म्हणाले. “एकाच कोनात. हात जराही हललेला नाही.” त्यांनी भिंग खाली ठेवले. “हा गाढव नव्हे, तनू. हा कारागीर आहे.”

तनूने माझ्या पाठीवरील नाव वाचले आणि ती एडिनबऱ्याला परतली. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. ‘आंधळा जिना’ची मूळ फिल्म तेथील संग्रहात होती आणि तिने ती उजेडाच्या टेबलावर पाहिली होती.

“आजोबा, तो टूथ आहे! सेम अँगल! एव्हरी सिंगल फ्रेम! मिस्टर केस्टर लाय करतोय!”

कमलाकर जिन्याच्या पायरीवर बसले. “वीणा,” ते म्हणाले, “मी ते घासणार होतो गं.”

ब्रूनो अजून जिवंत होता. २००४ च्या वसंत ऋतूत त्याला शंभर वर्षे पूर्ण होणार होती आणि एडिनबऱ्यात त्याचा सत्कार ठरला होता. तनूने आयोजकांना सर्व सांगितले. शतायुषी माणसाला वाढदिवशी असले प्रश्न विचारू नयेत, असे त्यांचे उत्तर आले. त्या काळचा कॅमेरा शोभेसाठी मंचावर ठेवायला मात्र त्यांची हरकत नव्हती.

शालीत गुंडाळलेला मी कमलाकरांच्या मांडीवर बसून आगगाडीने उत्तरेला निघालो. वाटेत वीणाबाईंनी धपाट्यांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, “शंभर वर्षांचा जीव आहे हो. चारचौघांत त्याला उघडं पाडायचं, म्हणजे कसंसंच वाटतं.”

“मला पण, आजी,” तनू म्हणाली. “ही इज सो ओल्ड.”

दया! शालीच्या आत माझे पितळ गार पडले. माळ्यावर मी बत्तीस वर्षे काढली, ती या दोघींच्या मऊ मनापायी वाया जाणार होती काय? कमलाकर तेवढे म्हणाले, “लाझारसाहेबांनाही कुणी म्हातारं होताना पाहिलं असेल.”

सभागृह भरलेले होते. ब्रूनोला चाकांच्या खुर्चीतून आणले. तो कापसाच्या पेळूसारखा पांढरा आणि हलका झाला होता. त्याच्या कॉलरला ध्वनिक्षेपकाची कळी लावलेली होती. जिन्याचे ते दृश्य दाखवण्यात आले. टाळ्या थांबेनात, आणि त्याने त्या दोन्ही हातांनी स्वीकारल्या. तनू माझ्याशेजारी उभी होती. तिच्या हातात प्रश्नाचा कागद होता. तिचे ओठ उघडले व मिटले. मी जाणले की, ती आता विचारणार नाही.

तेव्हा आयोजक बाईंनी कौतुकाने त्याची खुर्ची माझ्याजवळ ढकलली. तनूने कागद खाली ठेवला आणि माझे दार मात्र उघडून दिले. माझ्या कपाळावरील फिकट कुंकू अगदी जवळून न्याहाळून ब्रूनोने विचारले, “हे लाल काय?”

“आमच्याकडे वर्षातून एकदा कामाच्या हत्यारांना नमस्कार करतात,” कमलाकर म्हणाले.

ब्रूनो हसला. त्याचा हात जुन्या सवयीने माझ्या पोटात शिरला. त्याची दृष्टी केव्हाच अधू झाली होती, परंतु नखाला वाट ठाऊक होती. नख खिडकीच्या डाव्या कडेवरून खाली उतरले आणि खाचेत अडकले.

मी त्याला धरले. मित्रांनो, हातपाय नसलेल्या वस्तूला जेवढे धरता येते, तेवढे मी धरले.

चापट बसावी तसा त्याने हात मागे ओढला आणि मनगट छातीशी घेतले. तो वीस वर्षांच्या मुलाच्या आवाजात बोलला आणि कॉलरवरच्या कळीने ते शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेले:

“नाही लावत बोट, एमिल. ब्रश घेतो.”

तनूने आता सरळ त्याच्याकडे पाहून विचारले.

“कोण एमिल, मिस्टर केस्टर? कुठल्या सेटवर?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. ज्याला त्याने दुसऱ्या गावी पाठवले होते, तो कॅमेरा त्याच्यासमोर होता.

“जिन्याच्या,” तो म्हणाला.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये तो चित्रपट दाखवला गेला, तेव्हा आरंभी नवी पाटी होती: छायाचित्रण, एमिल लाझार. कमलाकर मला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. ब्रूनो त्याआधीच्या हिवाळ्यात वारला. मी त्याला क्षमा केली असे लिहिले, तर ही हकिकत गोड होईल आणि खोटी होईल. खाचेत अडकलेले त्याचे नख थरथरत होते, हे मला जाणवले होते. जाणवले, एवढेच लिहितो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुनी वस्तू हाती आली की तिला तेल द्या, तिची धूळ झाडा, ब्रशाने झाडा. परंतु तिच्या अंगावर एखादी वाकडी खूण दिसली, तर ती घासून सपाट करण्यापूर्वी एक दिवस हत्यार खाली ठेवा. ती कुणाची सही असू शकेल आणि सही करणारा हात पुन्हा येणार नसेल.

माझा आवाज ज्यांनी कागदावर उतरवला, त्यांची सही आता खाली घ्यावी.

वाचकांनी इतका वेळ दिला, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. ती कानस माझ्याच हातात होती.

कमलाकर विठ्ठल पांगारकर,
निवृत्त टूलमेकर, कॉव्हेंट्री