झोपेची डिस्क

पिटुकलीला दुपारी झोपवता झोपवता वहिनीच्या नाकी नऊ यायचे. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा, गाणी म्हणा, थोपटा. बाईसाहेब आपल्या टक्क जाग्या. मग एकदा काय झालं, धाकटा दीर त्याच्या खोलीत कुणाच्यातरी लग्नाची डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घेत होता. लग्नांचं शूटिंग करून डिस्क बनवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. ड्राइव्हमधून बारीक घूं घूं सुरू झाली आणि दारात उभ्या वहिनीच्या खांद्यावर पिटुकलीची मान कलंडली.

तेव्हापासून वहिनीला गुरुकिल्लीच सापडली. जेवणाच्या वेळी तीच डिस्क घालायची, कॉपी सुरू करायची, पोरीला शेजारच्या गादीवर टाकायचं. कॉपी संपली की ती कॉम्प्युटरवरून पुसून पुन्हा पहिल्यापासून. त्या नवरानवरीला वहिनीने जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या जिवावर ती गरम गरम जेवत होती. तेही बसून. हे सुख काय असतं ते लहान मुलाच्या आईलाच विचारावं.

दिराला मात्र हे पटत नसे.

"वहिनी, ड्राइव्ह झिजतो हो असा. माझं सगळं पोट त्याच्यावर आहे."

"तुम्ही कॉप्या करता तेव्हा नाही झिजत तो?"

"मी कामासाठी करतो."

"मग मी काय हौसेने करते, भाऊजी?"

सासूबाई कुणाचीच बाजू घेत नसत. त्यांची तक्रार वेगळीच होती. पोरगी हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ काढून दाखवायला लागली होती. "आमच्या घरात नव्हतं बाई असलं काही," त्या म्हणत, म्हणजे खोड वहिनीच्या माहेरची. वहिनी ऐकून घेई. गरम जेवणापुढे एवढं चालतं.

आणि एके दिवशी सकाळी ड्राइव्हचा ट्रे उघडेना. बटण दाबलं की आतून नुसती गुरगुर. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं आणि त्याची डिस्क आत अडकलेली.

"मी घसा कोरडा करून सांगत होतो," दीर म्हणाला. "आता नवा ड्राइव्ह आणला तरी तुमची ती कॉपी बंद. कायमची."

वहिनीच्या डोळ्यांपुढे गार भात आला, उभ्याने गिळलेला. पिटुकलीला कडेवर घेऊन ती तिथेच उभी राहिली.

दिराने पेपरक्लिप सरळ करून ड्राइव्हच्या पुढच्या बारीक भोकात खुपसली. ट्रे जरासा पुढे आला, तो त्याने हाताने ओढून डिस्क काढली. मग ड्राइव्हच बाहेर काढून स्क्रू सोडवले. आत इवलंसं भिंग होतं, स्वच्छ. आणि बांगडीएवढाही नसलेला एक रबरी पट्टा, सैल पडून चाकावरून घसरलेला.

"हा कशाने सैल होतो?" वहिनीने विचारलं.

"वापराने."

"म्हणजे कॉपी करताना हा फिरतो?"

"नाही, तेव्हा मोटर फिरते. डिस्कला तर काही टेकतसुद्धा नाही, नुसता उजेड पडतो. मोटर, भिंग थकतात, पण सावकाश. हा पट्टा फक्त ट्रे उघडबंद करताना..."

वाक्य तिथेच राहिलं. पिटुकलीने वहिनीच्या कडेवरून वाकून ट्रेच्या बटणाकडे हात लांब केला होता. ते दाबलं जाईना, तशी तिने काकाकडे पाहिलं आणि सगळी जीभ बाहेर काढली. आत घेतली. पुन्हा काढली. हुबेहूब ट्रे.

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"ती हसते," दीर स्क्रू गोळा करत पुटपुटला. "कॉम्प्युटर जीभ दाखवतो म्हटलं की खूप हसते. मला वाटलं, बटण तर दाबायचं."

"दिवसातून किती वेळा?"

"आई, आता ते कुठे मोजणार."

"आणि मी माझ्या सुनेच्या माहेराला बोलतेय."

वहिनीला हसू आवरेना, पण तिने ते पोरीच्या केसांत लपवलं. "आता काय करायचं, भाऊजी?"

"नवा पट्टा मिळेपर्यंत हाच उकळत्या पाण्यात टाकायचा. थोडा आवळतो."

"पोरीची बाटली उकळतो त्या भांड्यात नको हं," सासूबाईंनी बजावलं.

दिराने वेगळं भांडं शोधलं आणि शेगडीपाशी उभं राहून स्वतःच्या हाताने पट्टा उकळला. पुसून, बसवून, सगळं जोडून बटण दाबलं, तर ट्रे सुळकन बाहेर. पिटुकलीने टाळ्या पिटल्या. त्याचं बोट पुन्हा बटणाकडे निघालं होतं, ते वहिनीच्या नजरेने वाटेतच थांबवलं.

त्याने गिऱ्हाइकाच्या डिस्क उरकल्या. जेवणवेळ झाली, पिटुकली डोळे चोळून किरकिरू लागली, तेव्हा वहिनी काही म्हणायच्या आत त्यानेच ती जुनी लग्नाची डिस्क शोधून ट्रेमध्ये ठेवली आणि कॉपी सुरू केली. घूं घूं. पोरीची मान कलंडली.

सासूबाईंनी ताट वाढलं. भातातून वाफ निघत होती. वहिनी सवयीने भराभर घास घेऊ लागली, तशा त्या समोर बसल्या.

"सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "लग्न मोठं आहे."