उसवलेला सदरा

मसाका शहराच्या बाजारात बाबिऱ्येचं चित्रपट भरून देण्याचं दुकान होतं. पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाईक यायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला तिचा मामा लुतालो न विचारताच सांगायचा, "जुना बघा एखादा. घरी, निवांत चहा घेऊन. तो समुद्रकाठच्या विधवेचा बघा."

"मारामारी आहे का त्यात?"

"नाही. एक बाई बसलेली आहे."

"मामा, बसलेली बाई बघायला पैसे कोण देईल? ती घरोघरी आहेच!" बाबिऱ्ये म्हणायची. सगळं दुकान हसायचं. मामाही हसायचा, पण जरा उशिरा.

एके काळी हा लुतालो व्हिडिओ-हॉलचा दुभाष्या होता. पडद्यावर परदेशी माणसं बोलायची आणि हा माईक धरून त्यांना तिथली लुगांडा भाषा बोलायला लावायचा. त्याच्या तोंडून चीनचा राजासुद्धा केळ्यांच्या घडासाठी घासाघीस करायचा. लोक चित्रपटाचं नाव विचारत नसत. "आज लुतालोचा आहे ना?" एवढंच.

विधवेच्या चित्रपटात मात्र तो पहिल्याच दिवशी अडकला. नवरा बुडालेला, बाई पाण्याकडे बघत बसलेली, आणि सहा मिनिटं कुणाचा ओठ हलत नाही. बाकांवरून ओरडा झाला, "बोल की रे! दातखीळ बसली का?" तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला भाजक्या शेंगदाण्यांची टोपली घेऊन बसलेली त्याची बायको नाकिमेरा त्याच्या कानाशी कुजबुजली, आणि तो तिच्यामागून बोलत गेला:

"पाण्या रे पाण्या, माणूस राहू दे तुझ्यापाशी, सदरा तेवढा दे. खांद्यावर उसवलाय, शिवायचा राहिलाय."

हॉल चिडीचूप झाला. पुढे प्रत्येक खेळाला तसंच. आधी ती, मागून तो.

त्याच्या आवाजाच्या टेपा बुरशीने खाल्ल्या. नाकिमेराला जाऊन तीन वर्षं झाली. बाबिऱ्येने चित्रपटाची नवी प्रत मिळवली, पण ती मूळची, त्याच्या आवाजाविना. चार वेळा त्याने ती लावली आणि चारही वेळा ती सहा मिनिटं येताच बंद केली. ते शब्द नाकिमेराचे होते, हे आता त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तो गेला की तेही जाणार. म्हणून निदान ते मौन तरी कुणाच्या घरी बसावं, असं त्याला वाटायचं.

एका दुपारी नामातोवू नावाची बाई आली. गुडघे टेकून तिने म्हाताऱ्याला नमस्कार केला. "लुतालोचा चित्रपट हवाय. ती बाई पाण्याकडे सदरा मागते, तो. आई अंथरुणाला खिळलीय, तोच धरून बसलीय."

"त्यात ती काही बोलतच नाही," बाबिऱ्ये म्हणाली.

"असं कसं? आईला पाठ आहे!"

बाबिऱ्येने मामाकडे पाहिलं. "तुम्हीच जा."

"माझा घसा गेलाय गं."

"गिऱ्हाइकांचं डोकं खायला बरा चालतो?"

तो गेला. नामातोवूच्या घरात केळीच्या पानांत शिजणाऱ्या माटोकेची, कच्च्या केळ्यांची वाफ दाटली होती. जुळ्यांची आई, म्हणून म्हातारीला सगळे न्नालोंगो म्हणत. चित्रपट लावून, तिच्या खाटेशेजारी बसून तो बोलू लागला. आवाज आधी गंजलेल्या कडीसारखा कुरकुरला, मग सैल झाला.

आणि ते मौन आलं. सवयीने त्याचा कान डावीकडे झुकला. तिथे कुणी नव्हतं. त्याचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," न्नालोंगो म्हणाली. "आधी ती बोलायची."

"कोण?"

"तुझी शेंगदाणेवाली. मी पहिल्या बाकावर असायचे. ती हळूच म्हणायची, मग तू मोठ्याने. मी तिचंच ऐकायला यायचे. तू मेल्या फार घाई करायचास, तिचं शेवटचं मला कधी ऐकूच आलं नाही. कुठाय ती?"

"गेली."

न्नालोंगो पडद्याकडे वळली. मग कुजबुजली, "पाण्या रे पाण्या..."

ती सदऱ्यापर्यंत आली, 'शिवायचा राहिलाय'पर्यंत आली आणि थांबली. तिला पुढचं येत नव्हतं. नाकिमेरा सगळ्यात शेवटी आणखी दोनच शब्द म्हणायची. त्याच्या घाईत ते माईकवर कधी गेलेच नव्हते.

लुतालो तिच्या कानाशी वाकला.

"दमाने," तो म्हणाला. "ती म्हणायची, दमाने दे."

पडद्यावरची बाई अजून बसूनच होती. त्या मौनाची चार मिनिटं उरली होती. त्याने बटणावरचा हात काढून घेतला.