माझ्या पोटातलं पाणी

मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. मनापासून म्हणत नाही. मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. बोम्मसंद्र या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं हवा भरली आणि त्या वर्षांत माणसांविषयीचं माझं मत बिघडत गेलं. ते का बिघडलं, हे सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

माझं काम सोपं होतं. बाहेरची हवा ओढायची, दाबून टाकीत भरायची आणि रंग मारणाऱ्या गनना पुरवायची. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतो. त्यात माझं तेल मिसळतं, गंज मिसळतो आणि नासक्या ताकासारखं पांढुरकं पाणी तयार होतं. ते रोज काढावं लागतं. नाही काढलं तर ते आतून पत्रा खातं. यात न समजण्यासारखं काय आहे?

कृष्णाजींना ते समजलं होतं. खानापूरकडचे हे ऑपरेटर मला पहिल्या दिवसापासून सांभाळायचे. संध्याकाळी मशीन बंद करून ते टाकीतला दाब पार खाली आणायचे, डोळ्यांना जाड चष्मा लावायचे आणि एका बाजूला बसून तळाचा कॉक अगदी हळू उघडायचे. तोंड कधी समोर धरायचे नाहीत. पाणी डब्यात घ्यायचे आणि डबा झाकणाच्या पिंपात ओतायचे. पिंप भरलं की वापरलेलं तेल नेणारे परवानाधारक लोक येऊन ते घेऊन जायचे. गटारात एक थेंब जाऊ द्यायचे नाहीत, कारण शेडमागचं गटार पावसाच्या पाण्याचं आहे आणि ते सरळ तळ्याला मिळतं. मी कुणावर प्रेम केलं असेल तर त्या एका माणसावर. ते निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले.

मग योगीराज आला. पुण्याहून आलेला सुपरवायझर, बोलायला गोड. पिंप जागा अडवतं म्हणून त्यानं ते हलवलं आणि माझ्या कॉकला नळी लावून ती मागच्या गटारात सोडली. गटाराच्या कडेला तानूबाई पालेभाजी लावायच्या आणि त्याच पाण्यावर ती वाढवायच्या. महिन्याभरात त्यांचे वाफे तेलकट होऊन करपले. करपलेल्या जुड्या घेऊन त्या दारात आल्या आणि बरंच काही बोलून गेल्या. योगीराजनं काय केलं असेल? पिंप परत आणलं नाही. नळी काढली आणि कॉक पान्यानं आवळून बंद केला. पाणीच बाहेर आलं नाही तर तक्रारही येणार नाही, असं त्याचं म्हणणं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पुढच्याच महिन्यात आयुधपूजा आली. इथं त्या दिवशी प्रत्येक मशीनला मान असतो. मला घासून निळा रंग दिला. कॉकवरही दोन हात चढवले, त्यामुळे तो जागीच चिकटून बसला. मग कुंकू, झेंडूचा हार, पायाशी लिंबू, दारात फोडलेला कोहळा. सगळ्यांनी हात जोडले. मला त्यांचा संताप आला. पाया पडणाऱ्यांपैकी एकानंही खाली वाकून तळाशी बघितलं नाही.

आणि माझ्याजवळ पवित्रा बसायची. ती मूळची निपाणीची. आनेकलहून बसनं यायची आणि माझ्यापासून चार हातांवर, माझ्याकडे पाठ करून, स्टुलावर बसून रंगवलेले भाग खोक्यांत भरायची. इकडे माझ्या तळाचा पत्रा आतून पापडासारखा होत चालला होता. मी फुटलो असतो तर पहिली तीच गेली असती. माणसांचा मला कितीही तिटकारा असला तरी हे मला नको होतं. पण दाब वाढवणं किंवा थांबवणं माझ्या हातात नाही.

तीन वर्षं अशी गेली. एका सकाळी तळाच्या जोडातून तांबूस पाणी झिरपायला लागलं. पवित्रानं ते पाहिलं, बारीक फुसफुस ऐकली आणि सरळ मेन स्विच पाडला. योगीराज धावत आला. दुपारी माल जायचा आहे, तोवर वरून लांबी भरून फट बुजवू, रविवारी बघू, तू आपलं काम कर, असं त्यानं तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग स्टुलावरची आपली ओढणी उचलली.

"सर, तुम्ही स्वल्प इथं बसा की," ती म्हणाली. "तुम्ही बसला की मी स्विच टाकते."

योगीराज हसला. मग त्यानं स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्या तळाकडे. स्विच काही त्यानं टाकायला सांगितला नाही.

वरच्या झडपेतून माझा दाब हळूहळू सोडला गेला. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले. तळाचा पत्रा मुळातल्या जाडीच्या पाव हिस्साही उरला नव्हता. त्यांनी मला कायमचं बाद केलं आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून टाकीला भोक पाडलं. आता नवा कॉम्प्रेसर आला आहे. त्याचं पाणी रोज निघतं आणि पिंपातच जातं. पवित्रा ते निघेपर्यंत तिथून हलत नाही.

मशीनची काळजी घ्या, असं मी तुम्हाला हात जोडून सांगणार नाही. तुम्ही ऐकत नाही, हे मी पाहिलं आहे. एकच करा. दुसऱ्याला जिथं बसवता, तिथं आधी स्वतः बसून बघा. त्या स्टुलावर पवित्रा तीन वर्षं बसली होती. योगीराज एक मिनिटसुद्धा बसला नाही.