भरमाचं इंजान का बसलं

भरमा पाटलानं तेलाचा कॅन शेडच्या दारात आपटला, तेव्हा पारमिता कॉलेजला निघाली होती.

"घे तुझं तेल माघारी. इंजान बसलं. चरकात ऊस आडकलाय, काहिलीत रस उकळतोय, आनि इंजान म्हनतंय मी न्हाय जा! डिझेल घालून कसंबसं गुळाचं आदण काढलं. फिल्टर खोललं तर आत लगदा. साबनाचा! मास्तरीनबाई, आमी गुऱ्हाळ चालवतोय, लाँड्री न्हाय."

"ओरडू नकोस. आत ये."

"आत येतो की. पन ते घेऊन परत न्हाय जानार."

पारमितानं पर्स खुंटीला अडकवली. पहिला तास गेला तर गेला.

निपाणीतल्या भज्याच्या गाड्यांवरचं, खानावळीतलं तळून तळून काळं पडलेलं तेल ती गोळा करायची आणि घरामागच्या शेडमध्ये त्याचं इंजिनात चालेल असं इंधन करायची. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, ती भाकरीसाठी. हे मात्र हौसेनं, ईर्ष्येनं. गावात लायटीचा भरवसा नाही, म्हणून गुऱ्हाळं अजून इंजिनावर. तिचं तेल पहिल्यांदा घेतलं ते भरमानं, शाळेत एका वर्गात होते म्हणून. बाकी गाव मजा बघत होतं. बुद्धवाड्यातलं तेल पाटलाच्या इंजिनाला पचतंय का, हे बघायला पारावर पैजा लागल्या होत्या. आज हा भरमा माघारी गेला तर पुन्हा वेदगंगेच्या काठावर कुणी तिचा कॅन हातात धरणार नव्हतं. आणि तेल बिघडलं असं कुणी म्हणणार नव्हतं. "त्यांच्यातलं ते, असंच असायचं," म्हणणार होते. पाटलाचा गूळ करपला तर एक आदण करपतं. हिचा एक कॅन नासला की सगळी आळी नासते. असा हिशोब आहे गावाचा, आणि तो अजून कुणी फाडलेला नाही.

तिनं बरणीत अर्धं पाणी घेतलं, अर्धं भरमाच्या कॅनमधलं तेल ओतलं, झाकण लावून हलवलं. चांगलं तेल लगेच वर तरंगतं, खाली पाणी नितळ राहतं. इथं ताक झालं. फेसाळ, पांढरं ताक.

"बघितलंस?" भरमा म्हणाला. "मीठ-मिरची घालून पिऊ या काय?"

"गप की रं जरा."

साबण होता, हे उघड होतं. जुन्या तेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक पोटॅश घातलं की खाली ग्लिसरीन बसतं, वर इंधन राहतं, आणि त्या इंधनात थोडा साबण राहतोच. तो काढायला तिच्याकडं स्टीलचा उभा नळा होता, आत रेझिनचे मोहरीएवढे दाणे. वरून तेल सोडायचं, दाणे साबण धरून ठेवतात, खालून स्वच्छ तेल बारीक धारेनं येतं. या सगळ्यात पाण्याचं काही काम नाही. म्हणून तर त्याला कोरडी धुलाई म्हणतात.

मग चुकलं कुठं? ग्लिसरीन नीट खाली बसू दिलं होतं. मेथॅनॉल उडवून टाकलं होतं, तिला खात्री होती. दाणे म्हातारे झाले म्हणावं, तर ते नवेकोरे, एवढ्यात दमायचे नाहीत. तिनं नळ्याची खालची चावी उघडली. धार नाही, नुसतं पाझरतंय. आत काहीतरी गच्च बसलं होतं.

तिनं वरचं झाकण काढलं आणि थांबली.

दाणे फुगतात म्हणून भरताना ती वरती चांगली वीतभर जागा सोडायची. आता ते झाकणाला टेकले होते. मूठभर बाहेर काढले, तर हाताला ओल. नाकाशी नेले. तळणाचा वास नव्हता, मेथॅनॉलचाही नव्हता. वास ओळखीचा होता. लहानपणी शाळेच्या गणवेशाला यायचा तो. धुण्याच्या सोड्याचा.

मागच्या आठवड्यात परीक्षेचे पेपर तपासायला ती बेळगावला गेली होती. घरात आई एकटीच होती.

पारमिताच्या डोक्यात सणक गेली. सोड्यात सोडियम असतं. साबणातलं पोटॅशियम पकडायला दाण्यांत ज्या जागा असतात, त्या एकूण एक या सोडियमनं आधीच भरून टाकल्या. पंगतीला बसायच्या आधीच पोट फुटेस्तोवर जेवलेला माणूस ताटाकडं बघेल का? वर दाण्यांनी पाणी धरलेलं, ते तेलात उतरलेलं. बट्ट्याबोळ!

"काय सापडलं गं?" भरमा मागून वाकला.

तिनं दाण्यांवर मूठ मिटून घेतली. मग म्हणाली, "दाणेच खराब लागले. नवीन भरते. चूक पुरवणाऱ्याची."

"खोटं कशाला बोलतीस?"

तानीबाई दारात उभी होती. हातात केरसुणी. उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलेली बाई, कुणापुढं आवाज चढवायची नाही. आता चढला.

"मी धुतलं. टपात सोडा घातला, चाळणीत खळाखळा धुतलं, लुगड्यावर वाळत घातलं आनि परत भरलं. चोरी न्हाय केली."

"पण का, आई? तुला सांगितलं होतं, पाण्याचा थेंब..."

"त्याला इच्यार की!" तानीबाईनं केरसुणी भरमाकडं रोखली. "इंजान कसं चालतंय बघाय म्हनून गुऱ्हाळावर गेलते. तुझी आई बाळाबाई पदरानं नाक धरून हुबी. म्हनली, वास मारतोय, त्यांच्यातलं तेल, गुळाला लागंल. माझ्या तोंडावर म्हनली रं. म्हनलं, वास त्या दान्यात बसला आसंल. धुऊन टाकू. न्हायतर पोरीचं नाव जाईल."

भरमा खाली बघायला लागला.

"वखारीतनं आलं की अंगाला वास. म्हनून दोनदा आंघोळ," तानीबाई म्हणाली. "तुमच्या दारात आलं की लुगडं धुतलेलंच पायजे. भांडं घासून घासून त्याचं बूड पातळ झालं, तरी तुमी पानी वरनंच वतायचा. कवापत्तर धुवायचं, सांग की?"

पारमिताला आईवर ओरडायचं होतं; तिनं मुठीतले दाणे बादलीत टाकले. तिनं हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, भाषणात बोलून टाळ्या घेतल्या होत्या. तिच्या स्वतःच्या शेडमध्ये ते सोड्याचं पाणी होऊन आलं, तर तिला वासावरून कळावं लागलं.

"त्यो वास कुनाचा हाय, म्हाईत हाय काय, तानाक्का?" भरमा म्हणाला. "निपानीतल्या भज्यांचा. आमच्याच घरातली चार मानसं रोज सांजच्याला त्या गाड्यावर हुबी असत्यात. तवा न्हाय वास येत."

"मग तुझ्या आईला सांग की हे," तानीबाई म्हणाली.

"सांगतो."

"आत्ता सांग. माझ्या म्होरं."

भरमा हसणार होता, पण तानीबाईचं तोंड बघून थांबला. खिशातनं मोबाईल काढला. पलीकडनं बाळाबाईचा आवाज शेडभर ऐकू आला.

"व्हय रं, इंजान झालं का सुरू?"

"न्हाय. आई, तू तानाक्काला तेलाचा वास मारतोय म्हनलीस काय?"

"म्हनले की. मारतोय तर मारतोय म्हनायचं न्हाय?"

"तेलाचा म्हनलीस, का त्यांच्यातलं म्हनलीस?"

पलीकडं कुणीतरी भांडं आपटलं.

"तू काय कोर्टात हुबा हाईस व्हय रं, आईला इच्यारायला?"

"त्यांनी त्या बोलन्यापायी सगळं धुऊन काढलं, म्हनून इंजान बसलं. माझं आदण तुझ्या तोंडापायी जाता जाता ऱ्हायलं बघ. ह्या म्होरं तेल हितलंच येनार. नाक धरायचं आसंल तर गुऱ्हाळाकडं येऊ नगस."

फोन कट झाला. भरमानं काळ्या पडद्याकडं बघितलं. "आता चार दिवस भाकरी मिळायची न्हाय मला."

कुणी त्याची समजूत काढली नाही.

पारमितानं नळा आडवा करून फुगलेले दाणे बादलीत ओतले, आणि भरमाच्या कॅनमधलं तेल पिंपात. पोत्यात नवे दाणे शिल्लक होते, पण हे नासलेलं तेल त्यातनं सावकाश सोडायला वेळ लागणार होता. "तोवर डिझेलवर चालव. फिल्टर बदल, टाकी पुसून घे. पुढच्या वेळी बरणी इथंच हलवून बघायची, पाणी नितळ दिसलं तरच कॅन उचलायचा."

"बरणी मी हलवनार," तानीबाई म्हणाली. "काय बघायचं ते मला दाव. न्हाय सांगितलंस, म्हनून तर धुतलं."

हे खरं होतं. पाणी घालू नकोस एवढंच पारमितानं सांगितलं होतं. का, ते आईला कळणार नाही, हे तिनं परस्पर ठरवलं होतं. तिनं दुसरी बरणी धुवून, पुसून, कोरडी करून आईच्या हातात दिली.

भरमानं रिकामा कॅन उचलला. "शनवारी येऊ काय मग?"

"शनवारी नगं," तानीबाई म्हणाली. "बचत गटाची मिटिंग हाय माझी. आईतवारी ये. ऊन चढायच्या आत."

"बरं, आक्का."

"आनि कॅन कोरडा करून आन."