रुख्माबाईवरचा आळ

चार वर्षं लालबर्‍याला भावाच्या घरी तोंड लपवून काढली आणि मग रुख्माबाई बालाघाटला नवऱ्याच्या दारात उतरली, ती एकाच आशेनं. टिकारामनं भर बैठकीत घातलेला आळ आज भर बैठकीतच उतरणार होता. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर निघाला तेव्हा तो भावकीसमोर म्हणाला होता, "चांगल्या बाईले असा रोग होते का?" नागपूरला रेडिएशनचा शेक घेऊन बाई बरी झाली. पण ते बोलणं काही पुसलं गेलं नाही. बायको जगली की गेली, एवढंही मेल्यानं कधी विचारलं नाही.

आता त्याच्याच घशात कॅन्सरची गाठ निघाली. विडी नाही, तंबाखूचा खर्रा नाही, याचा केवढा तोरा होता गड्याला! डॉक्टर म्हणाले, दोघांचा रोग एकाच व्हायरसचा. सोबत पोरगा रजत होता. त्यानंच आईला फोन केला, अडखळत, लाजत. "आई, हा व्हायरस लय लोकाइले होते म्हणे. नवराबायकोच्या संबंधातून येते, वर्षानुवर्षं गुपचूप बसून राह्यते. कोनापासून कोनाले लागला, कोनीच सांगू शकत नाही. तुई काही चूक नोहती. तू ये, मी सगळ्याइसमोर सांगतो." फोन ठेवून ती ढसाढसा रडली.

मोठ्या ऑपरेशनला नेण्याआधी त्या घरात भावकी बोलावून रोग्याचं मन मोकळं करायची रीत होती. ओसरीवर माणसं जमली. रुख्माबाई पदर घेऊन दाराआड बसली.

"बोल टिकाराम, मनात असन ते," थोरला भाऊ चैतराम म्हणाला.

टिकारामनं घोगऱ्या आवाजात दाराकडे बोट केलं. "हिनंच देल्ला मले. डॉक्टरच म्हणे, दोघाइचा रोग एकच हाय."

रुख्माबाईला जवळजवळ हसू आलं. डॉक्टरचं बोलणं ऐकलेला पोरगा समोरच बसला होता, मग भ्यायचं कशाला? ती पहिल्यांदाच दीरांसमोर मोठ्यानं बोलली. "रजत, सांग बाबू, डॉक्टर काय म्हणे ते."

रजतनं इकडेतिकडे पाहिलं. हट्टा गावच्या मुलीशी त्याची सोयरीक ठरली होती आणि मुलीचा बाप त्याच ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. आपल्या बापाच्या चालचलनावर बोट आलं तर सोयरीक मोडणार. आईचं नाव तर आधीच गेलं होतं, तिला घराबाहेर ठेवूनच ही मुलगी मिळाली होती.

"हौ," तो म्हणाला. "डॉक्टरनं तसंच सांगतलं. आईपासूनच लागला."

"मंग सेवाबी आता हिनंच करावं," चैतराम म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. किती सोयीचा न्याय!

रुख्माबाई पोराकडे बघत राहिली. त्यानं मोबाइल काढला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "आई, बाबाले गिळवत नाही. पेज मांड."