तीन वायरी आणि घुंगरमाळ

एरंडेल जळाल्याचा वास.

तीन वायरी. निळी, पिवळी, नारिंगी.

वारूळवाडीच्या लेथवर कापलेली, अजून कोमट असलेली ॲल्युमिनियमची पट्टी.

बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ, म्हणजे घाट. जत्रा सोडली तर वर्षभर ओस.

मागच्या दारी खुंटीला अडकवलेली, कुणीच न पुसलेली घुंगरमाळ.

"ऐकू येत न्हाई," असं म्हणणारा, कान शाबूत असलेला माणूस.

*

माणूस म्हणजे चांगदेव, आणे गावचा. काचबिंदूनं त्याचे डोळे गेले तेव्हा त्याची लेक तेजस्विनी बारावीला होती. आधी बैल गेले, मग त्याचं घाटावर जाणं सुटलं, मग पारावर बसणं सुटलं. शेवटी शेवटी तर बोलणंसुद्धा "हां" आणि "न्हाई" एवढ्यावर आलं.

दोन हजार सहा साली थोरला मुलगा आदेश मस्कतहून सुट्टीला आला. सोबत खोका. खोक्यात हातभर लांबीचा ट्रक, रिमोटवर पळणारा, आणि त्यात खरंखुरं इंजिन, लिंबाएवढं. साहेबाच्या पोराला कंटाळा आला म्हणून याच्या वाट्याला आलेला. पुण्यात कुणीतरी विकत घेईल म्हणून आदेशनं तो अंगणात चालू करून बघितला. पत्र्याच्या डब्यात मधमाश्या कोंडाव्यात तसा आवाज उठला. शेजारच्या कोंबड्या थेट माळवदावर.

चांगदेव दारात येऊन उभा राहिला.

"डावीकडं वळला," तो म्हणाला.

आदेश थबकला.

"आता लांब गेला. कडब्याच्या गंजीपाशी. हां, थांबला. गुरगुरतोय."

आदेशनं रिमोट बापाच्या हातात दिला. पिस्तुलासारखी मूठ, बाजूला वळवायचं छोटं चाक. तो ट्रक पुण्याला काही गेला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चांगदेव घाटावर. खाली उभं राहायचं, मान जरा तिरकी करायची आणि ट्रक चढावर सोडायचा. आवाज बारीक झाला की लांब गेला, चढा झाला की वेग आला, जागच्या जागी गुरगुरला की थांबला. पोरंठोरं जमायची, म्हातारी जमायची. शेळ्या वळणारी झुंबरबाई तर रोजची.

"भाऊ, माझ्या शेळीला धक्का लागला तर रिमोट जप्त करीन, सांगून ठेवते."

"तुझ्या शेळीलाच लायसन काढ, बाय. ती मधी येती."

चांगदेव पुन्हा बोलायला लागला होता.

*

ट्रकाला पेट्रोल चालत नव्हतं. त्याचं इंधन वेगळं, नायट्रोचं, त्यात एरंडेल घातलेलं. मुंबईतल्या ज्या दुकानातून ते यायचं ते दोन वर्षांनी बंद झालं. दुसरीकडून मागवावं तर कुरिअरवाला हात लावेना, पेट घेणारा माल म्हणून. डब्याच्या तळाला शेवटचं बोटभर उरलं.

तेजस्विनी तेव्हा नारायणगावात सुवालालशेठच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात कामाला होती. शेठचा मुलगा जिनेश म्हणाला, "इंजिन काढून टाक, तेजू. ब्रशलेस मोटार बसव. बॅटरीवर पळेल."

"बसेल?"

"न बसायला ती काय सोयरीक आहे? मी मागवतो."

घरी तिनं विचारलं. चांगदेव बराच वेळ टायरवरून बोट फिरवत राहिला.

"इंजिन काढल्यावर त्यो त्योच ट्रक राहतो का गं?"

"राहतो, नाना."

"मग काढ."

निघालं ते: इंजिन, टाकी, धुराची नळी, चालू करायची दोरी, आणि घरभर एरंडेलाचा वास.

बसलं ते: लेथवरच्या पट्टीवर मोटार, टाकीच्या जागेशेजारी वेगाचा कंट्रोलर, बाजूला बॅटरी. टाकीची जागा तेवढी मोकळी राहिली. मोटारीचा लहान दातेरी गियर ट्रकाच्या मोठ्या गियरला भिडवायचा तर मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरायची. कागद दुमडून निघावा, फाटू नये. हे काम चांगदेवच्या बोटांनी केलं. तीनदा फाटला, चौथ्यांदा निघाला.

सिंगल फेज वीज आली तशी बॅटरी चार्ज झाली. ट्रक उपड्या डब्यावर ठेवून, चाकं अधांतरी, तेजस्विनीनं रिमोट दाबला. चांगदेवनं टायरला बोट लावलं.

"उलटी फिरतीय."

"रिमोटचं सेटिंग चुकलं असेल."

"रिमोटला कशाला बोल लावतीस? विहिरीवरची मोटार उलटी फिरली तर काय करतो आपण?"

"दोन फेज बदलतो."

"मग?"

तिनं मोटारीच्या तीन वायरींतल्या निळी आणि पिवळीची अदलाबदल केली. चाकं सुलट फिरली. बापलेक दोघंही हसले. आवाजाचा विचार तोवर कुणाच्या मनातच आला नव्हता.

*

घाटावर चांगदेवनं रिमोट दाबला. ट्रक सुटला, पूर्वीपेक्षा जोरात, आणि जाता जाता माती ओरबाडल्याचा आवाजही वाऱ्यानं नेला.

चांगदेव मान तिरकी करून उभा.

"गेला का?"

"गेला, नाना. वरच्या दगडापाशी आहे."

"ऐकू येत न्हाई."

त्यानं अंदाजानं वळवला. ट्रक बांधावर आपटून उताणा पडला. पोरं हसली. चांगदेवनं रिमोट तिच्यापुढं धरला.

"तू चालव. लई चांगला झालाय."

घरी जाताना त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिला वाटलं, आपण या माणसाचे डोळे दुसऱ्यांदा काढले.

दुसऱ्या दिवशी जिनेश म्हणाला, "भोंगा बसव. पों पों."

"दिवसभर पों पों ऐकून नाना तुमच्याच दुकानात येऊन बसतील."

संध्याकाळी मागच्या दारी भांडी घासताना तिची नजर खुंटीवर गेली. पाखऱ्या बैलाची माळ. अख्खी जड झाली असती. तिनं त्यातले सहा घुंगरू सोडवले आणि टाकीच्या मोकळ्या जागेत तारेनं आवळले.

चांगदेव घाटावर यायलाच तयार नव्हता. "कशाला? तू आहेस की."

"एकदाच या."

तिनं रिमोट त्याच्या हातात दिला. ट्रक निघाला आणि चढावर घुंगरू वाजले. चांगदेवची मान आपोआप तिरकी झाली. तो ट्रकामागोमाग तोंड फिरवत राहिला, थेट वरच्या दगडापर्यंत. तिथं त्यानं ट्रक थांबवला.

आणि सगळं गप्प.

"थांबला की मेला," तो म्हणाला. "इंजिन गुरगुरायचं तरी. आता कुठं तोंड हाय त्याचं, मला काय ठावं?"

वैतागून त्यानं रिमोटचं चाक उगाच इकडंतिकडं फिरवलं.

वरून अगदी बारीक: छुन्.

तो थांबला. पुन्हा फिरवलं. छुन्.

"हे काय?"

"पुढची चाकं वळतायत, नाना. जागच्या जागी."

चांगदेवचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"कुठं बांधलीस गं तू?"

"टाकीच्या जागी. मधोमध."

"येडे, माळ मानंला असती, पोटाला न्हाई. पुढं बांध, चाकं वळवणाऱ्या दांडीला."

ती चढ पळत गेली. तार सोडली, तीन घुंगरू या बाजूला, तीन त्या बाजूला बांधले. बाजूला होऊन तिनं हाक दिली.

छुन् छुन्. छुन् छुन्. थांबलेला ट्रक जागेवर उभा राहून मान हलवत होता.

"हाय, हाय," चांगदेव म्हणाला. "त्यो बघ, तिथं उभा हाय."

खालून झुंबरबाई ओरडली, "भाऊ, माश्या बसल्या का त्याच्यावर?"

चांगदेव इतका हसला की रिमोट दोन्ही हातांनी धरावा लागला. मग त्यानं पाय फाकवले, मान तिरकी केली आणि ट्रक उतारावरून थेट आपल्याकडं सोडला. घुंगरू वाजत, मोठे होत आले. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर ट्रक थांबला आणि त्यानं मान हलवली.

*

पाखऱ्या बेल्ह्याच्या बाजारात विकला, तेव्हा घेणाऱ्यानं माळही मागितली होती. चांगदेवनं दिली नव्हती.